दोन घरांतलं बी

आई, तू गेलीस तेव्हा मी दहावीत होते, त्यामुळं पुढं माझं काय झालं ते तुला ठाऊकच नाही. छत्रपती संभाजीनगरात एक कॅन्सरचं हॉस्पिटल आहे, तिथले कॉम्प्युटर मी सांभाळते. तू असतीस तर पहिलं विचारलं असतंस, "म्हंजी पुसायचं काम का?" आणि मी चिडले असते. पुसायचं नाय गं. पेशंटला मशीनखाली झोपवून किरणं देतात, महिना-दीड महिना, रोज थोडी थोडी. कुणाला कुठून द्यायची, किती द्यायची, हे आधीच आखलेलं असतं आणि ते सगळं कॉम्प्युटरात असतं. ते गेलं तर मशीन ठणठणीत असूनही पेशंटला हात लावता येत नाही. मागच्या बुधवारी ते गेलं.

सकाळी आठला पोचले तर सगळ्या पडद्यांवर एकच मजकूर. कुणीतरी कुठूनतरी आत शिरून आमच्या फायलींना कुलूप घातलं होतं. पैसे द्या, मग किल्ली देतो म्हणे. नंतर कळलं, आमच्यातल्याच एकीनं कुरिअरची पावती समजून एक मेल उघडला होता. तिला काय बोलणार? मीही उघडला असता. फायलींची रोजची प्रत जिच्यावर उतरते ती डिस्क सर्व्हरला, म्हणजे मुख्य कॉम्प्युटरलाच लावलेली, म्हणून तिलाही कुलूप. बाहेर बाकावर फर्दापूरकडचे एक आजोबा बसले होते. जन्मभर मेंढरं राखलेली, खांद्यावर घोंगडी, घशाचा कॅन्सर. इथं लेकीकडं राहून रोज येतात, अजून सहा दिवस बाकी होते. मध्ये खंड पडू देऊ नका, नाहीतर दुखणं पुन्हा उचल खातं, असं डॉक्टरांनी त्यांना बजावलेलं. त्यांनी मलाच धरलं. "पोरी, माझं राहिलेलं कुठं कागदावर नाय का लिवलेलं?" मी म्हणाले, "बघते बाबा." दुसरं काय म्हणणार होते!

आणि तेव्हाच डोक्यात लख्ख झालं. दुसरी एक डिस्क आहे, ती माझ्या घरी आहे! रिक्षा केली, घरी गेले, फ्रिजवरून ती उचलली आणि छातीशी धरून परत आले. मोठे डॉक्टर दारातच उभे. "लाव लवकर." मी म्हणाले, "नाय लावणार." "का?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "आधी कोरा कॉम्प्युटर आणा. त्यावर हिची अजून एक प्रत काढते, ती दुसऱ्या इमारतीत ठेवते, मगच बाकीचं." ते ओरडले, "बाहेर पेशंट बसलेत!" मीही आवाज चढवला, "बसू द्या. ही पण गेली तर त्यांना घरीच पाठवावं लागंल." मोठ्या माणसांपुढं मी असं कधी बोलत नाही, तुला माहीतंय. पण त्या घडीला माझ्या तोंडून तूच बोलत होतीस.

देवगाव रंगारीचं आपलं स्वयंपाकघर आठवतंय? चुलीमागं तू बसलेली असतेस, पुढ्यात राखेत चोळलेलं दोडक्याचं, भोपळ्याचं, वांग्याचं बी. दोन डबे भरतेस. एक आपल्या घरात, दुसरा गावाच्या त्या टोकाला आत्याकडं. दरवर्षी. एका साली तू मला डबा देऊन पाठवलंस आणि मी गेलेच नाही. ऊन लई होतं, शिवाय वाटेतल्या घरचं कुत्रं अंगावर यायचं. डबा मी आपल्याच उतरंडीमागं सरकवला आणि तासाभरानं येऊन "दिला" म्हणाले. मग मागची भिंत झिरपली आणि दोन्ही डब्यांतलं बी कुजून गेलं. मला वाटलं आता मार बसणार. तू मारलं नाहीस. एवढंच म्हणालीस, "दोन्ही एका घरात ठिवलं म्हंजी एकच ठिवलं की गं." मग मला चार घरी बी मागायला धाडलंस, एकटीला. आत्याच्या दारात "आमचं बी नासलं" म्हणताना मला रडू फुटलं होतं. मार परवडला असता.

तर ऐक. नवा कॉम्प्युटर आला, प्रत काढली, किरणांच्या मशीनवाल्या कंपनीचा इंजिनिअर पुण्याहून आला. फायली उघडल्या, एकूण एक. सोमवार-मंगळवारचं पेशंटांच्या कार्डांवरून भरून घेतलं. फक्त दोन नव्या पेशंटांचं पुन्हा आखावं लागलं. शुक्रवारी दुपारी आजोबा आत गेले. बाहेर आले तेव्हा मी दारातच होते. "झालं बघ," म्हणाले, "तू जेवलीस का?" मी जिन्यात जाऊन हमसून हमसून रडले. कुणाचंही काही कमी-जास्त झालं नाही गं! दोन दिवस वाया गेले, ते भरून काढू म्हणाले डॉक्टर. त्या रात्री मी मेल्यासारखी झोपले. अजूनही मध्येच आठवतं आणि उगाच हसू येतं.

आता हॉस्पिटलात माझं लई कौतुक चाललंय. दोन डिस्क, दोन इमारती, हा माझा नियम सगळ्यांना ठाऊक होता, मीच तो येताजाता ऐकवायचे. उद्याच्या बैठकीत तो समजावून सांगायला मला उभं करणार आहेत. पण खरं असं, की सहा महिने मी तो पाळलाच नव्हता. ने-आण करायचा कंटाळा, म्हणून दोन्ही डिस्क सर्व्हरलाच लावून ठेवल्या होत्या. त्या बुधवारच्या आधीच्या शनिवारी एक काढून घरी नेली ती हॉस्पिटलसाठी नव्हेच. माझ्या जुन्या फोनची बॅटरी फुगली होती, तो कधीही बंद पडला असता, आणि त्यात तुझे तीन फोटो होते. तेवढेच आहेत. ते उतरवून घ्यायला नेली आणि सोमवारी परत न्यायची विसरले. पेशंटांची माहिती असलेली डिस्क घरी न्यायची नसते, हे मला माहीत होतं.

हे पत्र कुठं धाडायचं नाही. उद्या सगळ्यांसमोर हेच बोलायचंय, तोंडातून शब्द निघतो का ते आधी तुझ्यापाशी बघितलं.