मुगाच्या मुळावरची गाठ

माय, तुझी, माझी आणि हिवरखेडच्या सगळ्या कास्तकारांची तक्रार एकच होती: आमच्या काळ्या मातीवर बोलणारे उदंड, वाकून पाहणारा कोणी नाही. ही तक्रार मी आयुष्यभर माइकवरून मांडली. टाळ्या घेतल्या. तुला मात्र ठाऊक होतं की न वाकणाऱ्यांत पहिला मीच.

त्या वर्षी झड लागली होती, आठ दिवस ऊन नव्हतं. मूग पिवळा पडला आणि गावच्या चौकात सभा भरली. शेजारच्या काकांच्या शेतातलं एक झाड कोणीतरी उपटून माझ्या हातात दिलं. मुळावर बारीक बारीक गाठी होत्या. मी ते झाड डोक्यावर धरलं आणि ओरडलो, "हा पाहा रोग! बियाणंच सडकं दिलं तुम्हाला!" चौक पेटला. दुसऱ्या दिवशी काकांनी मुगाची सगळी तासं ओळीनं उपटून दोन शेतांमधल्या बांधावर, धुऱ्यावर टाकली.

तू त्यातलं एक झाड घरी घेऊन आलीस. मी चुलीपुढे चहा पितो आहे, तू समोर बसतेस, अंगठ्याच्या नखानं गाठ फोडतेस. आतून लालसर, ताजी.

"रोग म्हणते याले? जित्ती गाठ हाय हे. मुंगाच्या मांगून पेरलेली ज्वारी काळीभोर कायनं येते मंग?"

मी चहाचा पुढचा घोट घेतो.

"एवढं वाचतं तू, एक गाठ फोडाले नख नव्हतं तुले? जाय, त्याले सांग, चुकलं मनून."

मी गेलो नाही. पाऊस आहे, म्हणालो. शेवटी तूच डोक्यावर पोत्याची खोळ आणि हातात ते झाड घेऊन काकांकडे गेलीस.

पुढे मी ते सगळं वाचलं. मातीतले जिवाणू मुळात शिरतात, झाड त्यांच्यासाठी गाठीचं घर बांधतं आणि पानांत तयार झालेली साखर त्यांना पुरवतं. बदल्यात ते हवेतला नत्र झाडाला पचेल असा करून देतात. गाठ आतून लाल म्हणजे काम चालू आहे. पीक निघाल्यावर मुळं जमिनीत कुजतात आणि उरलेला नत्र पुढच्या पिकाला मिळतो. पिवळेपणा मुळाशी साचलेल्या पाण्याचा होता, चार दिवसांच्या उन्हानं आपला मूग सावरलाही. पुढच्या हंगामात आपली ज्वारी गर्द उभी होती आणि धुऱ्यापलीकडची फिकट. काका रोज तिथून जायचे.

तू गेलीस, आणि मी ती गाठ भाषणात घेतली. जित्या मातीची गोष्ट म्हणून अमरावतीत सांगितली, अकोल्यात सांगितली. गेल्या महिन्यात अकोल्याच्या जुन्या शहरातल्या सभेला काका आले होते, काठी टेकत. सभा संपल्यावर चार लोकांसमोर म्हणाले, "भाषण चांगलं देलं बापा. पण नख तं तुह्या मायचं होतं ना?" सगळे हसले. मीही हसलो.

उद्या अंजनगाव सुर्जीला सभा आहे. यंदा सोयाबीन पिवळं पडलं आहे, लोक चिडलेले आहेत, आणि मी येऊन झाड उंच धरावं अशी त्यांची इच्छा आहे. मी धरणार नाही. एवढंच सांगणार आहे: बाप्पाहो, माझं ऐकण्याआधी आपल्या वावरात जा, एक झाड मुळासकट काढा, गाठ नखानं फोडा आणि आत पाहा.

हे पत्र टाकायला पेटी नाही, ते माझ्याच खिशात राहील. त्याच खिशात उद्याच्या भाषणाचा कागद आहे. मघाशी काढून पाहिला. त्यावर अजून "मी गाठ फोडली" असंच लिहिलेलं आहे, माय.