कुंदाचा फोटो कोणत्या लेन्सनं

११ एप्रिल ८२, रविवार
आजचं स्थळही गेलं. अमरावतीहून पाच जण आले होते. पोहे झाले, चहा झाला, कुंदा येऊन बसली. मुलाच्या आत्यानं पर्समधून फोटो काढला आणि सगळ्यांदेखत कुंदाच्या गालाजवळ धरला. एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा पोरीकडे. मग मला म्हणाली, "हा फोटो कोनाचा व्हय गा भाऊ? इची लहान बहीण आहे काय?"
आम्हाला एकच मुलगी. फोटो मीच काढलेला, माझ्याच स्टुडिओत.
कुंदा लगेच उठली नाही. सगळ्यांच्या बशा गोळा करून मग आत गेली. हे पाचवं.

१२ एप्रिल
दुकान उघडलं. दोन ट्रक ड्रायव्हर, लायसनचे फोटो. वाडीत सकाळी दुसरं गिऱ्हाईक येत नाही. दुपारी हिंगण्याकडचे एक पाटील लेकीला घेऊन आले. "तुमच्या हातचा फोटो गेला का पोट्टीचं जमते म्हन्तात मास्तर." हसलो. लोकांच्या पोरींचं जमतं, खरं आहे. दिव्याखाली अंधार तो हाच.
कुंदाला पाचव्या वर्षी देवी आल्या. डावा गाल, कपाळ, नाकाचा शेंडा, सगळीकडे वण राहिले. घरात आम्हाला सवयीनं ते दिसत नाहीत. माझ्या पन्नास एमएमच्या लेन्सला तर कधीच दिसले नाहीत.
पाटलांच्या मुलीला शनिवारी बोलावलं. लेन्सची रिंग अडकते आहे, आधी दाखवून आणतो.

१५ एप्रिल
लेन्स घेऊन सीताबर्डीला गेलो. कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या लालचंदनं ती ट्यूबलाइटसमोर धरली आणि म्हणाला, "मास्टर, इसमें तो फंगस बैठा है." मीही पाहिलं. आतल्या भिंगावर जाळं धरलंय, त्यातून चेहरा मऊ, धूसर येतो. स्टुडिओतल्या कूलरची ओल, आठ-नऊ उन्हाळ्यांची. साफ करायला गेलं तर भिंगावरचं कोटिंगही जाईल म्हणतो.
म्हणजे लोक ज्याला माझा हात म्हणत होते ती बुरशी होती. परतताना बसमध्ये आधी हसू आलं. मग खिडकीकडे तोंड करून बसलो.
त्याच कंपनीची नवी पन्नास त्याच्याकडे आली आहे. हलकी, रिंग प्लॅस्टिकची, हातात खेळण्यासारखी वाटते. तीही त्यांची सगळ्यात स्वस्तातलीच. जुनी द्यायची, वर थोडं टाकायचं आणि नवी घ्यायची. दोन्ही ठेवणं मला झेपणार नाही. "दस दिन चलाके देखो. लेकिन दोनों साथ में मत रखना, इसको भी लगेगा."
नवी पोह्यांच्या रिकाम्या डब्यात ठेवली, सौ.च्या स्वयंपाकघरात.

१७ एप्रिल
सौ.ला खिडकीशी बसवून दोन्ही लेन्सनी फोटो काढले. सारखा उजेड, सारखा कागद. जुनीत चेहऱ्यावर साय धरल्यासारखं. नवीत कपाळावरच्या आठ्या मोजून घ्या. सौ. म्हणाली, "हे म्हातारी कोन व्हय?" 
पाटलांच्या मुलीचाही आज नवीनं काढला.

१९ एप्रिल
पाटील फोटो न्यायला आले. बराच वेळ पाहिला. "मास्तर, पोट्टीच्या नाकावर हे काय आनलं तुम्ही?" म्हटलं, आहे तेच आलंय. "आहे ते घरी दिसते ना. त्याच्यासाठी तुमच्याकडे कायले येऊ?" मुलगी तिथंच उभी होती. जुनीनं पुन्हा काढून दिला, खूश होऊन गेले.
पोट भरायचं तर जुनीच ठेवली पाहिजे, हे कळतं मला.

२० एप्रिल
संध्याकाळी कुंदा शाळेतून तपासायच्या पेपरांचा गठ्ठा घेऊन सरळ दुकानात आली. टेबलावर आईचे दोन्ही फोटो होते. पाहिले. म्हणाली, "बाबा, माझा नवीनं काढा."
"काहून?"
"ते लोक त्या फोटोतल्या पोरीले पाहाले येतात. अन् मंग मी बाहेर येते. पाच डाव झालं."
मी म्हटलं, उजेड गेला आता. उजेड सहापर्यंत असतो, तेव्हा पाच वाजले होते. ती गठ्ठा उचलून निघाली आणि दारात थांबून म्हणाली, "तुमाले बी तेच पोरगी आवडते, बाबा."

२१ एप्रिल
जेवलो नाही. तिचं म्हणणं डोक्यातून जात नाही.
पहिल्या स्थळाच्या वेळी मी तिचे सहा फोटो काढले होते. सहावा निवडला. का निवडला ते मला तेव्हाही ठाऊक होतं. तोंडानं म्हटलं, यात उजेड छान पडलाय. लेन्सवर ढकलण्यात अर्थ नाही. बुरशी लेन्सला होती, फोटो मी निवडला.
सौ.चं उलट. "नवा फोटो पाठवला तं पायरी तरी चढन काय कोनी? आधी घरात तं येऊ द्या. आले म्हन्जे तिची नोकरी सांगता येते, तिचं बोलनं-चालनं दिसते." तेही खोटं नाही. पण पाच वेळा घरात आलेच होते की लोक.

२३ एप्रिल
काढला. सौ. पावडरचा डबा घेऊन मागे मागे आली होती, कुंदानं तो तिच्या हातातून घेऊन बाजूला ठेवला. खिडकीचा उजेड, पांढरी सुती साडी. ती सरळ लेन्सकडे पाहत होती. मलाच दोनदा कॅमेरा खाली घ्यावा लागला.
डार्करूममध्ये कागद डेव्हलपरच्या पाण्यात हलवत उभा राहिलो. आधी डोळे आले, मग केस, मग एकेक वण. सगळे आले. मी रडलो. आत लाल दिवा होता आणि कडी लावलेली होती, म्हणून निभावलं.
फोटो म्हणून पाहिला तर इतक्या वर्षांत असा मला जमला नव्हता. बाप म्हणून पाहवत नाही.

२४ एप्रिल
लालचंदकडे जुनी देऊन आलो. त्यानं ती ड्रॉवरमध्ये टाकली, आणखी दोन-तीन होत्या तिथं. रस्ता ओलांडला तेव्हाच वाटलं, परत जाऊन मागावी. गेलो नाही. हे पोरीसाठी केलं की स्वतःला शिक्षा म्हणून, कोण जाणे. आणि शिक्षा माझी असेल तर भोगणार कोण?

२६ एप्रिल
हिंगण्याचं एक स्थळ साळ्यानं सुचवलं आहे. मुलगा तिथल्या कारखान्यात, शिफ्टची नोकरी, घरची थोडी शेती. नवा फोटो पाठवला. पोस्टाच्या पेटीत पाकीट टाकलं आणि शेजारच्या पानठेल्यावर बसलो थोडा वेळ.

८ मे
काही नाही. साळ्याला विचारलं तर म्हणतो, "पाह्यला त्यायनं. ठेवून घेतला." ठेवून घेतला म्हणजे काय? विचारायचं धाडस झालं नाही.
दुकानातही माशा मारतोय. पाटलांनी त्यांच्या ओळखीत सांगितलं होतं, दोघी फोटो काढायला येणार होत्या. एक येऊन नव्या लेन्सचे नमुने पाहून गेली, दुसरी आलीच नाही. सौ. कामापुरतं बोलते. ताट वाढते, पाणी ठेवते.
कुंदाला सुट्ट्या लागल्या आहेत. दिवसभर घरी असते. पोस्टमन गल्लीत आला की मोरीवर जाते भांडी घासायला. कोणी वाट पाहतंय असं दिसायला नको म्हणून. मला कळतं. पोरीला इतकं शहाणं व्हावं लागलं.

१५ मे, शनिवार
पत्र आलं. इनलँड, मुलाच्या वडिलांचं. 'मुलीचे शिक्षण व नोकरी पसंत आहे. दुसरा एखादा फोटो असल्यास पाठवावा. आठ दिवसांत कळवावे.' बाकी नमस्कार.
दहा वेळा वाचलं. दुसरा म्हणजे उभा फोटो मागताहेत का? बरेच जण मागतात. की हा नको, बरा असेल तो पाठवा? अक्षरावरून काही कळत नाही.
सौ. उठली आणि कपाटातून, लुगड्यांच्या घडीतून, जुना फोटो काढून आणला. मला वाटत होतं की एकही शिल्लक नाही. "हा पाठवा. देवानं संधी दिली तं लाथ मारू नोका." पाकिटात घालून तिनंच बंद केलं. पत्ता तेवढा माझ्या हातचा हवा म्हणते, पहिल्या पाकिटावर माझं अक्षर गेलंय.
कुंदानं पत्र वाचलं. "दुसरा कोनता, हे तं लिहिलंच नाई त्यायनं." एवढंच बोलली. मग साडी बदलून दुकानात आली आणि पडद्यापुढे उभी राहिली. "पूरा काढा. पायापासून."
एकच काढला. माझ्यानं दुसरा झाला नसता.

१९ मे
सौ.नं बंद केलेलं पाकीट टेबलावर आहे, पत्त्याविना. सौ. येता-जाता त्याच्याकडे पाहते. चार दिवस गेले, चार राहिले.
कुंदानं दुपारी विचारलं, "धुतला काय, बाबा?"
म्हटलं, रोल संपला नाही अजून. एकतीस फोटो बाकी आहेत.
ती लहानपणापासून दुकानात बसते, रोल मधेच कापून धुता येतो हे तिला माहीत आहे.