चंद्रीचा डबा

१२ जुलै १९४३, फुलचूर

सरकीची ढेप आजही नाही! दुकानदार छोटेलाल म्हणतो, लढाई चल रही है बाबूजी. लढाई तिकडे, म्हैस इकडे — काय संबंध? मिलवाले कोंडाही आता मोठ्या गिऱ्हाइकालाच देतात. चंद्री नुसत्या गवतावर दूध कुठून देणार? आणि दूध तर हवंच. शामकला बाळंतपणाला माहेरी आली ती अशक्तच. पोरीच्या अंगावर दूध नाही. नातू चंद्रीच्या दुधावरच आहे.

१४ जुलै

युक्ती सुचली. मोहल्ल्यात रोज भाताची पेज, तांदळाचं धोवण, भाजीची सालं नालीत जातात. डोळ्यांदेखत नासाडी! रॉकेलचा रिकामा डबा दाराशी मांडला. लोकांना पुण्याची गोडी लागावी म्हणून त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं — गोग्रास. जन्मभर रेल्वेत पार्सलांवर नावं लिहिली, अक्षर अजून तसंच आहे. घरोघरी जाऊन वाचूनही दाखवलं.

१७ जुलै

डब्यात एक पोळी. तूप लावलेली. बस्स!

१९ जुलै

आज डब्याला हळदकुंकू, वर जास्वंदाचं फूल! आत तीच एक पोळी. शेजारच्या धुरपताबाईला विचारलं, बाई, पेज काऊन टाकत नाही? तिने कानाला हात लावला. "गोग्रासात खरकटं टाकाचं? आमाले नरकात धाडता का, बाबूजी?"

बरोबरच आहे म्हणा. गोग्रास म्हणजे कोणी तोंड न लावलेली पहिली पोळी. हे मला आधी सुचू नये? कुंदा दाराआड पदर तोंडाला लावून हसत होती. बायको हसली की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

२० जुलै

अक्षरं खरवडली. लिहिलं — म्हैस. संध्याकाळी डबा काठोकाठ! म्हशीला काय, सगळं चालतं.

२ ऑगस्ट

अक्कल म्हणून नाही लोकांना. डब्यात बिड्यांची थोटकं. काल तर मिरच्यांचा ठेचा! चंद्रीने मान झटकली आणि सगळा डबा माझ्या धोतरावर. समोरचा यादोराव म्हणतो, पावसाळ्यात म्हशीले तिखट पाहिजे. तूच खा म्हटलं.

पण दूध वाढलं, हे खरं. नातू पोटभर पिऊन झोपतो. शामकलाही आज हसली.

१८ ऑगस्ट

पेज पातळ येऊन राहिली. शितं दिसतच नाहीत.

२४ ऑगस्ट

आता नुसतं धोवण. पलीकडच्या मुन्नालालच्या घरून सालंसुद्धा बंद — दोडक्याच्या सालीची चटणी करतात म्हणे! सारा मोहल्ला कंजूष झाला. मला राहवलं नाही. ओट्यावर उभा राहून सगळ्यांना ऐकवलं, मुक्या जनावराच्या तोंडचा घास काढता, लाज वाटत नाही?

सगळे खाली बघत राहिले. कुंदाने बाहेर येऊन माझा हात धरला आणि आत नेलं. चारचौघांत! घरात चांगलंच भांडण झालं. म्हणजे मीच भांडलो, ती तांदूळ निवडत बसली.

३० ऑगस्ट

पोळा. कशात चित्त नाही.

१ सप्टेंबर

चंद्रीने सकाळी अर्धंही दूध दिलं नाही. यादोराव म्हणतो, पुरती आटायच्या आधी बाजारात काढा. काढू? मग पोरगं काय पिणार, पाणी?

तरातरा धुरपताबाईकडे गेलो. तुमची पेज जाते कुठं, तोंडावर विचारलं. ती चुलीपाशी बसली होती, उठलीही नाही. "पोरं पिऊन राहिले, बाबूजी. मीठ टाकून."

परत आलो. तांदूळ महागला हे मलाही ठाऊक आहे. माझ्या पेन्शनीत तर एक दमडी वाढली नाही. पण आमच्याकडे दोन वेळ भात शिजतोच ना! मग निदान घरची पेज तरी डब्यात पडावी? कुंदाला विचारलं तर म्हणे, सांडली. काल विचारलं तेव्हाही सांडलीच होती. रोज कशी सांडते? तिकडे नातवाच्या दुधाची पंचाईत, आणि या घरात कोणाचं म्हणून लक्ष नाही. सगळ्यांची काळजी मी एकट्याने वाहायची!

३ सप्टेंबर

दुपारी पाणी प्यायला चुलीकडे गेलो. कुंदा भिंतीकडे तोंड करून पेज पीत होती. मला बघून तिने लोटा पदराआड केला. मी भाताच्या गंजावरचं झाकण काढून पाहिलं. शामकलेपुरता आणि माझ्यापुरताच भात होता.

म्हणाली, "रागावू नका. उद्याची पेज चंद्रीले देतो."