किल्लीवाल्याची गल्ली

तीर्थरूप ताईस धाकट्याचा वाकून नमस्कार.

माझ्या एका फुशारकीची किंमत आज कळली: एकोणीस दिवस आणि आईची शेवटची भेट.

"इथं माझ्यावरून गल्लीचं नाव पडलंय, पाकिटावर नुसतं 'किल्लीवाल्याची गल्ली' लिही," असं मीच तुला मिशीला पीळ देऊन कळवलं होतं. तू बिचारीनं तेवढंच लिहिलंस. तुझी दोन्ही पत्रं आज एकत्र आली. 'आई वाट बघतेय, लगेच निघ' हे एक आणि 'आई गेली' हे दुसरं. मी नेमकं दुसरं आधी फोडलं.

पोस्टमनवर ओरडलो, "बावीस वर्षं इथं कानस घासतोय! गल्ली माझ्यावरून ओळखतात!"

तो घाम पुसत म्हणाला, "काका, किल्लीवाला बसला की लोक त्या गल्लीला हेच म्हणतात. सगळीकडे विचारत फिरलो. तुमचं नाव कुणालाच ठाऊक नाही."

माझी काळजी करू नकोस. दोन वेळा जेवतो, गुडघाही बरा आहे. तुझा खोकला कसा आहे? आई माझ्यावर रागावली होती का, तेवढं खरं सांग.

तिच्या ट्रंकेची किल्ली सापडत नाही म्हणतेस. कुलूप फोडू नकोस, महिनाअखेरीस मी येऊन उघडतो.

तोवर पत्र टाकलंस तर 'गल्ली क्रमांक नऊ' असं लिही. किल्लीवाल्याच्या गल्ल्या या शहरात चार आहेत.

तुझा,
धाकटा