आऱ्याला निखळलेला जबडा

मिऱ्या, रत्नागिरी
चैत्र शुद्ध दशमी, शके १८५४

तीर्थस्वरूप दादांच्या पायांवर डोकं ठेवून धाकटा भाऊ आत्माराम लिहितो की, इथे आम्ही सगळी खुशाल असून तुमची आणि वहिनींची खुशाली देवीकडे रोज मागत असतो. तुमचे गुडघे कसे आहेत? गोदीत दिवसभर उभे राहता, तेव्हा त्यांना मधूनमधून बसवत जा. (असला उपदेश मी पूर्वी केला नसता. पण गेल्या आठवड्यापासून मला दुसऱ्यांच्या गुडघ्यांबद्दलही आदर वाटू लागला आहे. का, ते पुढे येईलच.) तुमची लेक सगुणा मजेत आहे. आमची ही तिला पोटच्या लेकीसारखी सांभाळते आणि माझ्यावरचा राग तिच्यावर काढत नाही.

तुमच्या आज्ञेप्रमाणे मी आरे गावाला जाऊन आलो. सगुणेला मागणी घालणारा महिपत मुंबईत नोकरीला नाही, गावातच होड्या बांधतो, तेव्हा त्याच्या घरच्यांना गोड शब्दांत नकार सांगून ये, असं तुम्ही लिहिलं होतं. बोलायचं काम माझ्याकडे दिलंत ते योग्यच केलंत. (आमची ही म्हणते, मी झोपेतही बोलतो. मला कधी ऐकू आलेलं नाही.) साखरतरची खाडी ओलांडून काळबादेवीच्या वाळूतून चालताना मी नकाराचं भाषण पाठ केलं. इतकं सुंदर जमलं होतं की ऐकणाऱ्याला आपल्याला होकार मिळाला असंच वाटावं आणि घरी गेल्यावर कळावं.

ओटीवर महिपतचे चुलते गंगारामभाऊ बसले होते. मी तोंड उघडणार तोच त्यांनी आपल्या घराण्याची कहाणी सुरू केली. त्यांचा पणजा म्हणे वादळात सुकाणू तुटल्यावर गलबताच्या मागे स्वतः पाण्यात लोंबकळत राहिला आणि पायांनी गलबत वळवत जयगडला आला. पुढे त्या पणज्याचे भाऊ आले. भाऊ पाच होते. तिसऱ्या भावापर्यंत मी तग धरला, चौथ्याला मला जांभई आली. दादा, उन्हातून चालून आलेल्या माणसाची ती जांभई. मनासारखी, मोठी, पार कानांपर्यंत गेलेली. शेवटी कानाजवळ कट्‌ असा आवाज झाला आणि तोंड मिटेना.

गंगारामभाऊंना वाटलं, पाहुणे चकित झाले. इतका रंगून ऐकणारा माणूस त्यांना जन्मात भेटला नसावा. ते दुप्पट उत्साहाने पाचव्या भावाकडे वळले. मी हातवारे केले, त्यांनी ते गलबताचे समजून मान डोलावली. मी "आ, आ" केलं, त्यांनी आत पाणी मागितलं. पाणी आलं आणि तोंडात न थांबता माझ्या सदऱ्यावर गेलं. तेव्हा कुठे त्यांना कळलं की ऐकणाऱ्याचं काहीतरी बिघडलं आहे. मग कोणी म्हणालं, बाहेरचं आहे. कोणी म्हणालं, गाडी जोडा आणि रत्नागिरीला मोठ्या इस्पितळात न्या. एका म्हाताऱ्याने माझ्या हनुवटीवर खालून गुद्दा मारायची तयारी दाखवली, आणि ती तयारी मनापासूनची होती.

हे सगळं चाललेलं असताना आतून काजूगरांच्या उसळीचा वास येत होता. वर तळलेल्या सुरमईचा. नाक आपलं काम चोख करत होतं, डोळ्यांना ताटं मांडलेली दिसत होती, कानांना तेल चुरचुरताना ऐकू येत होतं, आणि ज्याच्यासाठी ही सगळी धडपड ते तोंड उघडं असूनही बंद! दादा, थुंकी गिळणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, याचा तुम्ही कधी विचार केला आहे? मी बावन्न वर्षं केला नव्हता. या जबड्याने माझ्यासाठी किती चणे फोडले, किती भांडणं जिंकली, वडील गेले तेव्हा हुंदका दाबून धरला. त्याला मी कधी एका शब्दानेही बरं म्हटलं नाही. त्या ओटीवर बसून मी म्हटलं, अर्थात मनातल्या मनात. डोळ्यांतून पाणी आलं, लाळ तर गळतच होती.

तेवढ्यात महिपतची आई, हौसाबाई, परसातून आल्या. त्यांचे वडील माडावरून पडलेल्यांची हाडं बसवत असत. बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं, दोन्ही अंगठ्यांना फडकं गुंडाळलं आणि मुलाला माझं डोकं मागून धरायला सांगितलं. महिपतने ते आपल्या छातीशी घट्ट धरलं. (अंगाला लाकडाच्या भुशाचा आणि तेलाचा वास. चांगला वास आहे.)

"पावणे, मान सैल सोडा," बाई म्हणाल्या. "आणि मिटलं तोंड, की माझी बोटां चावू नका हां!"

त्यांनी दाढांवर अंगठे ठेवून खाली दाबलं, मागे ढकललं, आणि जबडा जागेवर बसला. मी तोंड मिटलं. उघडलं. पुन्हा मिटलं. असं सुख मला लग्नातही झालं नव्हतं. (हे पत्र वहिनींनी हिला दाखवू नये.)

"आता तीन दिवस बोलायचं नाय," असं बजावून बाईंनी डोक्यावरून हनुवटीखाली फडकं बांधलं. तेवढ्यात गंगारामभाऊंनी विचारलं, "मग लग्नाचं काय?" बोलायला मनाई, भाषण पोटात. मी मान हलवली. फडकं बांधलेली मान कशी हलली ते मला दिसत नव्हतं, पण त्यांना ती उभी हलल्यासारखी वाटली आणि त्यांनी लगेच गूळ आणायला सांगितलं. यात माझा दोष किती आणि फडक्याचा किती, ते तुम्हीच ठरवा.

रात्रीचा मुक्काम तिथेच केला. उकड्या तांदळाची कोमट पेज आणि कैरीच्या लोणच्याचा खार, एवढंच मिळालं. सुरमई इतरांनी खाल्ली. पण त्या पेजेचा पहिला घोट जिभेवरून गळ्याखाली उतरला तेव्हा मी डोळे मिटून घेतले.

तुमचा आज्ञाधारक,
आत्माराम

ता.क. लग्नाची तिथी वैशाख वद्य पंचमी धरली आहे. तुम्ही आठ दिवसांची रजा काढून वहिनींना घेऊन या, एवढंच मागण्यासाठी हे पत्र लिहिलं.

ता.क. दुसरा. दादा, तुमच्यापाशी खोटं बोलवत नाही. सकाळी निघताना फडकं मी सोडलं होतं आणि "मुलगी दिली" हे शब्द तोंडाने, स्पष्ट, दोनदा उच्चारले. आदल्या दिवशी मी तासभर गळत बसलो होतो, तेव्हा महिपतने आपल्या खांद्यावरच्या पंच्याने माझी हनुवटी पुन्हापुन्हा पुसली. हसला नाही, तोंड वाकडं केलं नाही, कोणाला हसूही दिलं नाही. पेजही त्यानेच भरवली, फुंकर घालून. मी तिथे नकार घेऊन आलो आहे, हे त्याला ठाऊक होतं.

ता.क. तिसरा. रागवायचं असेल तर इथे येऊन समोर रागवा, पत्रातून नको. चाळिशी फुटल्यापासून मी अंदाजाने लिहितो, पण तुमची पत्रं मला सगुणाच वाचून दाखवते. नकाराचं मागचंही तिनेच वाचलं.