वाघोबांचा नंबर

३ मार्च
ताईच्या दवाखान्याच्या वेबसाइटवरचं नंबर लावायचं पान चालू झालं! खोटे पेशंट भरून पाहिले. श्री. वाघोबा — सुळा हलतो. सौ. मगर — सगळेच दुखतात. खूप हसलो. एकटाच.

आईची दाढ ठणकतेय. लेक दातांची डॉक्टर, आणि ही मिठाच्या पाण्यानं गुळण्या करतेय! ताईनं पक्की नोकरी सोडून दवाखाना काढला तेव्हा आई म्हणाली होती, चार महिन्यांत गाशा गुंडाळशील. तेव्हापासून अबोला. मधल्या मध्ये मी — टपालखातं.

४ मार्च
ताईचा फोन. अगदी डॉक्टरी आवाजात — "वाघोबांना सांग, उपाशीपोटी येऊ नका. आमची मदतनीस घाबरते."

मेलो! घरून केलेली चाचणी थेट दवाखान्याच्या खऱ्या मेलवर जात होती.

धडा: घरच्या सेटिंग्ज वेगळ्या फाइलीत, दवाखान्याच्या वेगळ्या. माझ्या लॅपटॉपवरून निघालेली मेल बाहेर जायचीच नाही, आतल्या खोट्या पेटीत पडायची. पडद्यावर मात्र 'नंबर लागला' दिसणार. पाच ओळींचं काम. आधीच केलं असतं तर ताईला वर्षभर पुरेल असा विषय मिळाला नसता.

६ मार्च
आणखी एक युक्ती: बटण एकदा दाबलं की लगेच बंद करायचं. नाहीतर उतावळा माणूस चारदा दाबतो आणि एका दाढेला चार नंबर लागतात. वाघोबांना पुन्हा बोलावून खात्री केली. हत्तीही येऊन गेला.

आईला कौतुकानं दाखवलं. म्हणाली, हे डॉक्टरला लगेच पोचतं का रे? मी ऐटीत — क्षणात! मग लॅपटॉप तसाच उघडा ठेवून भाजी आणायला गेलो.

९ मार्च
आईचा गाल सुजलाय. दुसऱ्या डॉक्टरकडे नेतो म्हटलं तर नको. फोन सारखा हातात. "तुझी ताई फार मोठी झाली," एवढंच म्हणाली. काय झालं विचारलं तर काही नाही. दोघींचाही राग आला मला.

१० मार्च
खोटी पेटी साफ करायला घेतली. वाघोबा, हत्ती — पुसत चाललो होतो. एक नोंद माझी नव्हती.

नाव: तुझी आई. तक्रार: खालची दाढ. दवाखाना छान चाललाय म्हणे. मी उगाच बोलले तेव्हा. वेळ: तू देशील ती.

सहा तारखेपासून पडून होती. आई उत्तराची वाट बघत होती आणि ताईला पत्ताच नव्हता. माझ्या त्या हुशार पाच ओळी! रडूच आलं.

सेटिंग बदलली. एक अक्षर न बदलता पाठवलं.

त्याच संध्याकाळी
फोन वाजला. माझा नाही, आईचा. पलीकडे ताई आहे म्हटल्यावर आई उठून उभीच राहिली. मग डोळे पुसत म्हणाली, "बरं. जेवून येऊ की उपाशी?"