हेळव्याच्या वहीत नसलेल्या बायका

तीर्थरूप मामांना वर्षाराणीचा नमस्कार.

माझा रिपोर्ट आला. स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा दोष माझ्या जनुकांत सापडला. तो आईकडून आलाय. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आईच्या माहेरच्या बायका कशानं आणि कितव्या वर्षी गेल्या? आईपलीकडचं मला सांगता येईना. तुमच्या गावी नेसरीला वंशावळ सांगणारा हेळवी बैल घेऊन येतो, तुमच्या घराण्याच्या सात पिढ्या वाचून दाखवतो, पण त्याच्या वहीत बाई एकही नाही.

शेवटी फोन करकरून मीच गोळा केलं. आजी बेचाळिसाव्या वर्षी, शालूमावशी छत्तिसाव्या, आई सत्तेचाळिसाव्या. तिघींनाही छातीत गाठ.

हा दोष तुमच्यात असेल, तर तुमच्या मोनातही असू शकतो. परवा हेच सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "लेकीचं लगीन तोंडावर आलंय. पावण्यांच्या कानावर गेलं तर मोडंल की! तवर गप बस."

शालूमावशीनं तिची गाठ तुमचं लग्न होईस्तोवर लपवली होती. ते तुम्हीच कौतुकानं सांगता, मामा.

म्हणून हे पत्र तुम्हाला टाकत नाही. मोना आज जेवायला येणार आहे. तिलाच वाचायला देते.

तुमची भाची,
वर्षाराणी